वाळूची वही

जून, पहिला मोठा पाऊस

पुण्यात बिबवेवाडीच्या वरच्या अंगाने, अप्परकडून रस्त्याने पाणी उतरायला लागलं तेव्हा मी सोसायटीच्या गेटपाशी उभी होते. आधी आली पानं आणि पुड्या, मग मुरमाची लालसर माती, मग चहासारखं दाट पाणी आणि त्यावर तेलाचा तवंग. घरातून लोणच्याची रिकामी बरणी आणली आणि आमच्याच आवारातून गेटकडे वाहणाऱ्या पाण्यात बुडवून भरून घेतली. रात्रभर ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. सकाळी तळाला बोटभर गाळ बसला होता, पण वरचं पाणी ताकासारखंच. तिसऱ्या दिवशीही ते निवळलं नाही.

जड कण रात्रीत बसतात. चिकणमातीच्या अतिबारीक कणांवर सारखाच विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात, त्यामुळे नुसतं थांबून काम होत नाही. आजी अशा पाण्यात तुरटी फिरवायची. तिच्या माहेरी निवळीचं बी उगाळून घालत. दोन्हींचं काम एकच: कणांना एकमेकांना चिकटू देणं. चिकटले की जड झाले, जड झाले की बसले.

बरणीवर तारखेची चिठ्ठी लावून ठेवली आहे.

उतार

रिक्षावाल्यांच्या तोंडी नुसतं ‘अप्पर’ आणि ‘लोअर’ असतं. बिबवेवाडीच्या पाण्याचा नकाशा त्या दोन शब्दांत आला. दक्षिणेला टेकडी, तिथून जमीन उतरत येते. पूर्वी टेकडीवर गवत आणि मुरूम होता, त्यात पाणी जिरायचं. आता सिमेंटचे रस्ते, पेव्हर ब्लॉक, पत्रे. पाऊस सुरू झाल्यावर दहा मिनिटांत पाणी रस्त्यावर असतं.

सातारा रस्त्याच्या पलीकडे आंबिल ओढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो घराघरांत शिरला. अरण्येश्वरला टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. त्या रात्री कात्रजच्या डोंगरावर कोसळलेला पाऊस फार मोठा होता, हे खरंच. पण वाटेतल्या प्रत्येक गच्चीचं, प्रत्येक फरसबंद आवाराचं पाणीही त्याच वेळी खाली धावत होतं. त्या रात्रीपासून पावसाच्या पाण्याकडे बघायची माझी नजर बदलली. पाणी आपल्याला वापरायला मिळावं म्हणून अडवायचं, हा एक भाग झाला. ते एकदम खालच्यांच्या दारात जाऊ द्यायचं नाही, हा दुसरा भाग, आणि माझ्या लेखी तोच मोठा.

हिशेब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं वहीच्या एका पानावर मावतं.

आमची गच्ची २५० चौरस मीटर, आवार १५०, मिळून ४००. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस धरला तर २,८०,००० लिटर. वाफ, गळती आणि सोडून दिलेलं पहिलं पाणी जाऊन ऐंशी टक्के हाती लागलं तर २,२४,०००. घरं वीस, माणसं ऐंशी. इमारतींच्या राष्ट्रीय संहितेत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ४५ लिटर फ्लशसाठी. म्हणजे ऐंशी माणसांचे रोजचे ३,६०० लिटर. भागाकार केला. बासष्ट दिवस.

सेक्रेटरी मीटिंगमध्ये म्हणाले, “काकू, दोन महिन्यांसाठी एवढा खटाटोप?”

धरणातून आणलेलं, गाळलेलं, क्लोरिन घातलेलं पिण्याचं पाणी दोन महिने ऐंशी माणसं संडासात ओतणार नाहीत. मला हे थोडं वाटत नाही, आणि मी तसं मीटिंगमध्ये सांगितलं.

घाई आणि सवड

गच्चीच्या पाइपलाच गाळणी बसवायची, ही माझी पहिली चूक. जोराची सर आली की गाळणीला पाणी पेलवेना, सगळं वरून वाहून गेलं. वर्षभर मी गाळणीलाच दोष देत होते.

मग आकडे मांडले. एका संध्याकाळी ३० मिमी पाऊस झाला तर, तेच ऐंशी टक्के धरून, आमच्याकडे ९,६०० लिटर पाणी येतं, तेही तासा-दोन तासांत. मंद वाळूच्या गाळणीतून पाणी तासाला जेमतेम वीतभर खाली सरकतं, म्हणजे ०.२ मीटर. दोन चौरस मीटरच्या वाळूतून तासाला ४०० लिटर, चोवीस तासांत ९,६००. आकडा नेमका जुळला तेव्हा मी दोनदा पडताळून पाहिला.

म्हणून आधी टाकी, मग वाळू. आमच्याकडे दहा हजार लिटरची जुनी जमिनीखालची टाकी पडून होती. सर आली की ती भरायची. त्यात रात्रभर गाळ बसू द्यायचा, आणि मग छोट्या पंपाने सावकाश वाळूवर सोडायचं. पाऊस रात्री पडतो, गाळणी दुसऱ्या दिवशी दिवसभर चालते. तोवर तेवढं पाणी रस्त्यावर गेलेलं नसतं.

बोअरमध्ये सोडू नका

शेजारच्या एका इमारतीत गच्चीचा पाइप प्लास्टिकच्या पिंपातून थेट बोअरमध्ये सोडला आहे. पिंपात खडी आणि मूठभर कोळसा. पिंप उघडून बघितलेलं कुणालाच आठवत नाही.

पुण्याखाली बेसॉल्ट आहे. नदीकाठच्या गाळासारखा तो पाणी गाळत नाही. पाणी खडकाच्या भेगांतून, झिजलेल्या थरांतून वाहतं आणि भेगेत गेलेली घाण भेगेतूनच दुसऱ्याच्या बोअरला पोहोचते. पुण्यातल्या ‘अ‍ॅक्वाडॅम’ या संस्थेने शहराच्या भूजलाचा अभ्यास केला आहे. त्यांचं मुख्य सांगणं मला फार पटतं: भूजल प्लॉटच्या कुंपणापाशी थांबत नाही, ते सगळ्यांचं आहे. मग आपल्या पार्किंगमधलं तेल आणि टायरची भुकटी न गाळता त्यात सोडायचा हक्क आपल्याला कुठून आला?

गच्चीचं पाणी आवाराच्या पाण्यापेक्षा खूप स्वच्छ, तरी कबुतरांची विष्ठा त्यात असतेच. आवाराच्या पाण्यात ब्रेकमधलं तांबं, टायरमधलं आणि पत्र्यांवरचं जस्त, सांडलेलं ऑइल, कुत्र्या-मांजरांची घाण. पहिल्या दोन-तीन मिलिमीटर पावसात यातलं बरंचसं धुऊन येतं. ते पहिलं पाणी आम्ही वेगळा व्हॉल्व्ह उघडून सोडून देतो. त्याची चावी वॉचमन मामांकडे. गेल्या वर्षी रात्री दोन वाजता सर आली तेव्हा ते रेनकोट न घालताच धावले होते.

वाळू

नदीची वाळू मिळत नाही आणि मिळाली तरी ती कुठून उपसली हे विचारावंसं वाटतं. शेवटी क्रश सँड घेतली. टेम्पोवाल्याने गेटपाशी ओतली, करड्या रंगाची, हातात घेतली तर पिठासारखी तळव्याला चिकटणारी.

बरणीची परीक्षा सोपी आहे. अर्धी बरणी वाळू, वर पाणी, झाकण लावून खळखळून हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू लगेच बसते, तिच्यावर भुकटीचा फिका थर बसतो. आमच्या बरणीत तो थर करंगळीच्या पेरापेक्षा जाड निघाला. अशी वाळू तशीच भरली असती तर ती पाणी गाळण्याऐवजी चिखल झाली असती.

तीन रविवार धुतली. घमेल्यात वाळू, वरून नळी, हाताने ढवळायचं आणि वरचं पाणी कलतं करून ओतायचं. पहिलं पाणी सिमेंटसारखं जातं. सातव्या-आठव्या धुण्याला घमेल्याचा तळ दिसायला लागतो आणि दाणे दाताखालच्या साखरेसारखे वेगळे वाजतात. माझी बोटं आठवडाभर खरखरीत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा शेवटच्या रविवारी मदतीला आले, नाहीतर पाच रविवार लागले असते.

मग चाळणी. मंद गाळणीला दाणा बारीक हवा. वजनाने दहा टक्के वाळू ज्या मापाखाली येते ते माप ०.१५ ते ०.३५ मिमी असावं, असं पाणीपुरवठ्याच्या पुस्तकांत देतात. त्याहून जाड दाणा माती सोडून देतो, त्याहून बारीक दाणा तुंबतो. तळाला खडीचे तीन थर, सर्वांत मोठी खाली, मिळून फूटभर. त्यावर सत्तर सेंटिमीटर वाळू. वाळूच्या वर नेहमी पाणी उभं राहील, अशी बाहेरची नळी वर वळवून घेतली. वाळू उघडी पडली की सगळं बिघडतं. का, ते पुढे लिहिते.

साय

पहिले दहा दिवस गाळलेलं पाणी तितकंसं चांगलं नव्हतं. वाळू तीच, पाणी तेच. तिसऱ्या आठवड्यात मात्र एकदम फरक पडला.

वाळूच्या वरच्या बोटभर जागेत एक जिवंत थर धरतो: जीवाणू, शेवाळ, बारीक एकपेशीय जीव आणि अडकलेली माती यांची तपकिरी साय. ती येणाऱ्या पाण्यातल्या जंतूंना अडवते आणि खाते. म्हणजे मंद गाळणीत खरं काम वाळू करत नाही, वाळूवर वस्तीला आलेले जीव करतात. त्यांना ओल हवी, हवा हवी आणि संथ, अखंड पाणी हवं. म्हणून वाळूवर पाणी उभं ठेवायचं. म्हणूनच पावसाने आठ दिवस दडी मारली की आम्ही गाळलेलंच पाणी थोडं थोडं परत फिरवतो.

लंडनमध्ये चेल्सीच्या जलकंपनीसाठी जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ मध्ये अशी मोठी वाळूगाळणी बांधली, तेव्हा जंतू हे रोगाचं कारण आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पाणी नितळ दिसावं, एवढाच हेतू. त्या वाळूची खरी ताकद १८९२ मध्ये एल्ब नदीवर दिसली. हॅम्बुर्ग शहर नदीचं पाणी न गाळता पीत होतं. कॉलऱ्याने तिथे आठ हजारांवर माणसं दगावली. लागूनच असलेलं आल्टोना हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला पाणी उचलत होतं, म्हणजे वरच्या शहराची सगळी घाण वाहून आलेलं पाणी. पण ते वाळूतून गाळून घेत. आल्टोना बरंचसं वाचलं. दोन्ही शहरांच्या हद्दीवरच्या एकाच रस्त्याच्या एका बाजूला कॉलरा आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं चित्र होतं.

आंबिल ओढ्याकाठी उभी राहिले की मला आल्टोना आठवतं. तिथे खालच्या गावाने स्वतःला वाचवलं. वरच्या गावाने आधी काही करायला हवं होतं.

करवंटी

मंद गाळणीला जागा लागते, सवड लागते. शहरांच्या पाणीपुरवठ्यात म्हणून जलद गाळणी वापरतात: दाणा जाड, वेग तासाला पाच मीटरच्या पुढे, आणि तुंबली की खालून उलट पाणी सोडून धुवायची. तिच्यातही एक अडचण असते. उलट धुतल्यावर वाळू परत बसते तेव्हा जाड दाणे आधी खाली जातात आणि बारीक दाणे वर राहतात. पाणी वरून येतं, म्हणजे त्याला आधी सर्वांत बारीक चाळणी लागते. सगळी माती वरच्या बोटभरातच अडकते आणि खालची दोन फूट वाळू रिकामी बसून राहते.

उपाय असा की वर हलका पण जाड दाणा हवा, खाली जड पण बारीक. पाश्चात्त्य देशांत वरच्या थराला अँथ्रासाइट कोळसा वापरतात. आपल्याकडे तसा कोळसा सहज मिळत नाही. महाराष्ट्रातले पाणीपुरवठा अभियंते जे. एन. कर्डिले यांनी तिथे नारळाची करवंटी वापरली. करवंटी फोडून, चाळून वाळूवर थर द्यायचा. वाळूचं विशिष्ट गुरुत्व २.६५, करवंटीचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. उलट धुतल्यावर करवंटी आपोआप वरच येऊन बसते. नागपूरजवळ रामटेकला १९७३ मध्ये उभारलेल्या जलशुद्धीकरण केंद्रात त्यांनी ही दुहेरी गाळणी बसवली. पुढे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव आणि नाशिक जिल्ह्यातलं चांदोरी इथेही तशाच साध्या, कमी खर्चाच्या पद्धती वापरल्या गेल्या. करवंटी टिकते, पाण्यात सहजी कुजत नाही.

सुधारित वाळूगाळणी म्हटलं की लोक महागडं यंत्र शोधायला जातात. ही सुधारणा देवळाच्या मागे ढिगाने पडलेली असते. आपल्या राज्यातल्या माणसाचं एवढं काम आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

मार्केट यार्डातून दोन पोती

यार्ड जवळच, त्यामुळे करवंट्या मिळायला वेळ लागला नाही. फोडायला लागला. खलबत्त्यात एक-एक करवंटी, वर गोणपाटाचा तुकडा, नाहीतर कपच्या डोळ्यांत उडतात. दीड-दोन मिलिमीटरचे तुकडे हवे होते. चाळून झाल्यावर भिजत घातल्या. पाणी पहिल्या दिवशी कोऱ्या चहासारखं झालं. रोज बदललं. सहाव्या दिवशी रंग सुटायचा थांबला.

दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात खाली खडी, मग जाड वाळू, वर फूटभर करवंटी. हे पिंप मंद गाळणीच्या आधी बसवलं, म्हणजे चिखल पिंपातच अडावा आणि सायीला फक्त बारीक काम उरावं.

पहिल्यांदा उलट धुताना मी व्हॉल्व्ह एकदम उघडला. करवंटी हलकी, ती पाण्याबरोबर उसळून पिंपाबाहेर पडली आणि पार्किंगभर झाली. झाडूने गोळा केली, परत धुतली. आता व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा देत उघडतो आणि पिंपाच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधतो.

गंज

कात्रजच्या तलावावर जलपर्णी पसरते, त्याचं एक मोठं कारण पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट. साबण, सांडपाणी, कुजका पाला, सगळ्यांतून ते येतं. विरघळलेली गोष्ट साध्या वाळूत अडकत नाही. मीठ जसं फडक्यातून गाळलं जात नाही तसंच.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी पावसाच्या पाण्यासाठी वाळूत लोखंडाचा कीस मिसळला, वजनाने पाच ते आठ टक्के. लोखंड गंजतं आणि गंज फॉस्फेटला धरून ठेवतो. अट एकच: दोन पावसांच्या मध्ये ही वाळू निथळून कोरडी व्हायला हवी, तिला हवा मिळायला हवी. सतत बुडालेली राहिली तर गंजाने धरलेलं फॉस्फेट परत सुटू शकतं. सायीला पाणी उभं हवं, गंजाला निथळलेलं. म्हणजे दोघांचे वाफे वेगळे हवेत. फ्लशच्या पाण्याला याची गरज नाही, म्हणून आम्ही हे केलेलं नाही. पण तलावात किंवा ओढ्यात पाणी सोडणाऱ्या पावसाळी वाहिनीच्या तोंडाशी असा वाफा असावा, असं मला फार वाटतं. लेथच्या दुकानांत कीस पोत्याने पडलेला असतो. त्याला लागलेलं तेल मात्र आधी धुऊन काढावं लागेल.

कॅलिफोर्नियात बर्कलीच्या संशोधकांनी वाळूच्या दाण्यांवर मँगनीज ऑक्साइडचा लेप चढवून पाहिला आहे. प्लास्टिकमधून येणाऱ्या बिस्फेनॉल-ए सारख्या रसायनांचं तो लेप विघटन करतो. पावसाचं पाणी जमिनीत भरायच्या आधी गाळायला ही वाळू, हा त्यांचा विचार.

उच्छ्वास

१७५० च्या आसपास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ नेला. डोंगरावरचं पावसाचं पाणीच ते. पंप नाही, नुसता उतार. वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले: नळातली हवा सुटायला, आणि पाणी क्षणभर थांबून गाळ खाली बसायला. शहरात शिरल्यावर पाणी हौदांत पडायचं आणि पेठांतली माणसं तिथून भरायची.

आमच्या टाकीत पाणी रात्रभर थांबतं तेव्हा तेच चाललेलं असतं. डोंगराचं पाणी अडवून, थांबवून, गाळ बसवून वापरणं हे या खोऱ्यात नवीन नाही. मधल्या काळात आपण फक्त ते लवकरात लवकर घालवायला शिकलो.

ऑगस्ट

गाळणी अचानक तुंबली. तासाला चारशेऐवजी पन्नास लिटरही येईनात. वर बघितलं तर वाळूवर पांढरा, गुळगुळीत लेप. तिसऱ्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं. कापलेल्या टाइल्सचा रेंदा आवारात धुतला होता आणि तो टाकीत उतरला होता. त्या फ्लॅटच्या ठेकेदाराशी भांडण झालं, ते इथे लिहीत नाही.

पाणी उतरवलं. फळीने वरची दीड-दोन सेंटिमीटर वाळू खरवडली, सायीसकट. खालची वाळू तशीच करडी, स्वच्छ. खरवडलेली धुऊन गच्चीवर वाळत घातली. साय परत धरायला बारा दिवस लागले, तेवढे दिवस गाळलेलं पाणी झाडांनाच घातलं.

आता आवारातल्या जाळीवर पाटी आहे: इथे काहीही धुऊ नये.

टाकीची जाळी

डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणजे आपण जितकं चांगलं गाळू तितकं त्याला बरं. ओव्हरफ्लोला, हवेच्या नळीला, झाकणाच्या फटीला, सगळीकडे बारीक जाळी लावली. दर शनिवारी मी बॅटरी घेऊन आत बघते.

फ्लशची पाइपलाइन वेगळी, तिला हिरवा रंग, प्रत्येक मजल्यावर ‘पिण्याचे पाणी नाही’ अशी पाटी. हे पाणी प्यायचं नाही, हे मुलांनाही तोंडपाठ झालं आहे. गाळलेल्या पाण्याच्या टाकीत क्लोरिनची मात्रा तरीही टाकतो.

ऑक्टोबर

शेवटची सर १४ तारखेला पडली. टाकी जेमतेम तीन दिवस पुरली. मग पंप बंद केला, पिंप उलटं धुतलं, करवंटी गोणपाटावर सुकवली. खरवडलेली, धुतलेली वाळू दोन पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली. वाफ्यातली पातळी साठ सेंटिमीटरच्या खाली गेली की ती परत घालायची. आता अडुसष्ट आहे. टाकीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं, पुढच्या वर्षी मी नसले तरी कुणालाही वाचता येईल असं, मोठ्या अक्षरांत.

जूनची बरणी अजून खिडकीत आहे. तिच्या शेजारी आज गाळलेल्या पाण्याची दुसरी ठेवली आणि मागे वर्तमानपत्र धरलं. दुसरीतून छोट्या जाहिरातींची अक्षरं वाचता येतात. वॉचमन मामांनी वाकून बघितलं, पहिल्या बरणीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “हे खाली कुणाकडं जातं, ताई?”